नऊ नंबर

वाईच्या दुकानात पोरे म्हणाला,
"पाय आठचा आहे ताई, नऊ कशाला?"
म्हटलं, द्या. दोन मोजे घालीन.
खरं कारण सांगायला सवड नव्हती,
पाचगणीची एसटी लागली होती
आणि दांडेघरच्या तबेल्यात
तीन जनावरं भिजक्या भुशावर
माझी वाट बघत होती.

आता सांगते.

रबरी चप्पल बघितली आधी.
जांभ्याच्या फरशीला श्रावणात शेवाळ धरतं,
चपलेचा अंगठा तुटतो,
मग माणूस.
पोराचे शाळेचे कॅनव्हासचे घातले,
चुलीपाशी वाळवले, एक बूट करपला,
दुसऱ्याला आठवडाभर घोड्याच्या मुताचा वास.
भोकाभोकांचे प्लास्टिकचे बूट स्वस्त पडतात,
पण ज्या भोकातून पाणी येतं
त्याच भोकातून लीद येते.

दिरानं शिरवळच्या कंपनीतले आणले,
पुढे लोखंडी वाटी बसवलेले.
"वहिनी, ट्रक गेला तरी बोट शाबूत."
असेल.
पण तेवढा रुंद चवडा रिकिबीत गेला
की निघायचं नाव घेत नाही,
आणि घोडं काय थांबून विचारतंय,
झालं का तुझं?

सासरे अनवाणीच राहिले शेवटपर्यंत.
नबीलाल मुजावर, चाळीस पावसाळे टेबललँडवर,
डाव्या पायाला तीनच नखं.
म्हणायचे, घोड्याला तुझा पाय दिसत नसतो,
तुला त्याचा दिसला पाहिजे.
बूट घातला की माणूस खाली बघायचं सोडतो.
खरं होतं ते.
नखंही खरी होती.

तर त्या दिवशी धुकं इतकं
की शेवंतीचं तोंड माझ्या हातात
आणि शेपूट दुसऱ्या गावात.
पायात नवऱ्याचे गमबूट, नऊ नंबर,
तो सुरतेला, बूट खुंटीला, म्हणून घातलेले.
वाऱ्यानं शेजारचा पत्रा वाजला.
शेवंती आडवी उडाली.
माझा डावा बूट चिखलात घोट्यापर्यंत रुतलेला,
मी मागे पडले,
पाय आला, बूट राहिला.
त्या उभ्या बुटाच्या चवड्यावर
तिनं पुढचा पाय ठेवला,
सगळा भार देऊन,
सावकाश,
जणू जागा माझीच आहे याची खात्री करून.

मी चिखलात बसून बोटं मोजली.
पाच.
पुन्हा मोजली.
मग हसायला लागले, मग रडायला,
शेवंती कान टवकारून बघत राहिली
आणि बुटावरून हलायला तयार नाही.

आठ नंबर असता
तर घट्ट बसला असता, अगदी मापात.

म्हणून नऊ.
टाच बोटभर उंच, नाहीतर रिकिबीतून आरपार जातो.
तळवा फार खाचांचा नको, चिखल धरतो.
रात्री दोन्ही बूट उलटे, खुंटीवर,
आत खेकडं निघालंय एकदा.
आणि खाली बघायचं.
बूट असला तरी.

त्यांच्या पायांचं मात्र कुठल्या दुकानात मिळत नाही.
जेष्ठात इस्माईल नालबंद येऊन नाल काढून जातो,
धंदा बंद, पोरं सुट्टीवर, घोडी अनवाणी.
ओलीत उभं राहून खूर मऊ पडतो,
बोटानं उकरलं की काळा वास येतो.
दाण्याच्या आधी मी पाय उचलून बघते, बाराही पाय.
यंदा शेवंतीचाच सडला.
पुढचा डावा.
तोच.

मोरचुदाच्या पाण्यात खूर बुडवून ठेवायचा
तर ती बादली लाथाडते.
चिरडलेला बूट अजून कोपऱ्यात होता.
चवडा गेलेला, पण पोटरी धड.
ती कापली, पुढच्या खेपेला वाईला नेली.
म्हटलं, पोरे, खाली टायरचा तळ शिवून द्या,
पाणी गळता कामा नये.

त्यानं नळकांडं फिरवून फिरवून पाहिलं,
चष्मा वर केला.
"कुणाच्या मापाचं हे?"

म्हटलं, तिचं आधीच बघून झालंय.
शिवा तुम्ही.